जहाज लागायच्या आधी तिथे कोण पोचतं? अमेरिकन नेव्हीच्या एक्सपिडिशनरी युनिट्स ओळखायला शिकणाऱ्यांसाठी

माझे वडील मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होते. हातात पेन्सिल, पुठ्ठ्याला लावलेला कागद, क्रेनची स्लिंग खाली आली की पोती मोजायची, चार उभ्या रेघा मारायच्या आणि पाचवी त्यांच्यावरून आडवी, दिवसभर हेच काम. त्यांच्यामुळे मला लहानपणीच कळलं की जहाज कितीही मोठं असू दे, ते धक्क्याला लागल्यावर रिकामं करणारी माणसं नसतील तर ते नुसतं तरंगणारं गोदाम आहे. पुढे नेव्हीबद्दल वाचायला लागलो तेव्हा विमानवाहू जहाजं आणि मिसाईल सोडून माझं लक्ष सारखं याच माणसांकडे जायचं, आणि अमेरिकन नेव्हीत अशा माणसांची एक आख्खी वेगळी दुनिया आहे हे बघून मी त्यात अडकलो तो अडकलोच. नवीन वाचणाऱ्यांचा यात फार गोंधळ होतो, नावं लांबलचक, त्यांची शॉर्टफॉर्म त्याहून विचित्र, म्हणून मी ज्या क्रमाने शिकलो त्याच क्रमाने सांगतो.

पायरी १: आधी एक बंद पडलेलं बंदर डोळ्यासमोर आणा

एक्सपिडिशनरी या शब्दाचा डिक्शनरीतला अर्थ बाजूला ठेवा. आपली गोदी, आपली वीज, आपलं पाणी, आपले रस्ते सोडून जिथे यातलं काहीच धड नाही अशा ठिकाणी जाऊन काम सुरू करायचं, एवढाच त्याचा अर्थ. आता असं समजा की भूकंप झालाय किंवा युद्ध चालू आहे आणि तुम्हाला एका बंदरात जहाजं आणायची आहेत. प्रश्न चारच पडतात. पाण्यात सुरुंग किंवा बुडालेली जहाजं आहेत का? धक्का आणि रस्ता उभा आहे का? माल उतरवणार कोण? आणि हे सगळं चालू असताना राखण कोण करणार?

हे चार प्रश्न पाठ करा. पुढे भेटणारी जवळजवळ प्रत्येक युनिट यातल्या एका प्रश्नाचं उत्तर आहे. मी आधी नावं पाठ करायला गेलो होतो आणि सहा महिने काही डोक्यात बसलं नव्हतं, प्रश्न धरले आणि आठवड्यात बसलं.

पायरी २: कोण यात नाही ते काढून टाका

सील कमांडो यात नाहीत. त्यांची नेव्हल स्पेशल वॉरफेअर कमांड वेगळी, मुख्यालय कॅलिफोर्नियात कोरोनाडोला. मरीन्सही नाहीत, मरीन कोअर हे स्वतंत्र दल आहे आणि त्यांच्या युनिटच्या नावात पण एक्सपिडिशनरी शब्द येतो त्यामुळे बातमी वाचताना हमखास घोळ होतो. किनाऱ्यावर लँडिंग क्राफ्ट, म्हणजे थेट वाळूला लागणाऱ्या बोटी, उतरवणारे बीच ग्रुप आणि त्यांच्याबरोबरच्या अॅम्फिबियस कन्स्ट्रक्शन बटालियन हेही वेगळ्या झाडाची फांदी आहेत, त्यातले लोक सीबीच (नेव्हीचे बांधकामवाले, पायरी ४ मध्ये भेटतील) असतात तरीही. २०२४ मध्ये गाझाच्या किनाऱ्यावर जो तरंगता धक्का लावला तो अमेरिकन आर्मी आणि या बीच ग्रुपवाल्यांनी मिळून लावला होता.

उरलेल्यांची आई म्हणजे नेव्ही एक्सपिडिशनरी कॉम्बॅट कमांड, एनईसीसी. जानेवारी २००६ मध्ये स्थापन झाली, मुख्यालय व्हर्जिनियात लिटल क्रीकला. त्याआधी हीच माणसं नेव्हीत होती पण वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली होती, इराक आणि अफगाणिस्तानात एकदम सगळ्यांची गरज लागायला लागली तेव्हा एका छत्राखाली आणली. एकूण सुमारे वीस हजार लोक, आणि त्यातले जवळपास निम्मे राखीव, म्हणजे एरवी आपापली नोकरी करणारे आणि बोलावणं आलं की युनिफॉर्म घालणारे.

पायरी ३: पाणी साफ करणारे

पहिला प्रश्न पाण्याचा आणि स्फोटकांचा. त्यासाठी ईओडी, म्हणजे एक्स्प्लोझिव्ह ऑर्डनन्स डिस्पोजल, आपल्या भाषेत बॉम्ब निकामी करणारे. अमेरिकेच्या आर्मी, नेव्ही, एअर फोर्स आणि मरीन कोअर या चारही दलांचे ईओडीवाले फ्लोरिडात एग्लिनच्या एकाच शाळेत शिकतात, पण नेव्हीवाल्यांचा फरक असा की ते आधी डायव्हर होतात, कारण त्यांचा बॉम्ब चिखलात, अंधाऱ्या पाण्यात, जहाजाच्या तळाला चिकटलेलाही असू शकतो. त्यांच्या छातीवरचा बिल्ला नीट बघा, मधोमध न फुटलेला बॉम्ब, मागे ढाल आणि विजेच्या रेघा, भोवती पानांची माळ, त्याच्या आकारामुळे सगळे त्याला खेकडा म्हणतात. फोटोत खेकडा दिसला की समजायचं हा माणूस कोण.

यातलं माझं आवडतं उदाहरण २००३ मधलं, इराकच्या उम्म कसर बंदराचं. ब्रिटिश जहाज सर गालाहाड मदतीचं सामान घेऊन बाहेर थांबलेलं आणि आत पाण्यात सुरुंग असल्याची शक्यता. तेव्हा अमेरिकन नेव्हीने सॅन डिएगोत शिकवलेले डॉल्फिन आणले. डॉल्फिन सुरुंग फोडत नाही, त्याला हात पण लावत नाही, गढूळ पाण्यात तळाशी असलेली वस्तू आवाजाच्या प्रतिध्वनीने ओळखतो, बोटीतल्या माणसाला खूण करतो आणि मग त्या जागी निशाणी टाकून येतो. पुढचं काम माणूस डायव्हरचं. अमेरिकन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन डायव्हर शेजारी शेजारी काम करत होते आणि मार्चच्या अखेरीला सर गालाहाड धक्क्याला लागलं. बातम्यांत जहाजाचा फोटो आला, पण रस्ता कोणी मोकळा केला ते पण बघा.

बुडालेलं काही वर काढायचं असेल तर मोबाइल डायव्हिंग अँड सॅल्व्हेज युनिट. दोनच आहेत, पहिली पर्ल हार्बरला, दुसरी लिटल क्रीकला. अमेरिकन यादवी युद्धात बुडालेल्या मॉनिटर या चिलखती जहाजाचा तोफेचा बुरुज २००२ मध्ये समुद्रातून वर काढला तो यांच्या डायव्हरनी, आणि २००७ मध्ये मिनियापोलिसला मिसिसिपी नदीवरचा हायवेचा पूल कोसळला तेव्हा गाड्यांमध्ये अडकलेली माणसं शोधायला हेच उतरले होते, वाकलेल्या लोखंडाच्या आत, वाहत्या पाण्यात, हाताने चाचपडत.

हे काम किती अवघड असतं ते आपण मुंबईत जवळून बघितलंय. १४ ऑगस्ट २०१३ ला नेव्हल डॉकयार्डमध्ये सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट झाले, १८ नौसैनिक गेले, आणि आपल्या नेव्हीचे डायव्हर अशा पाण्यात उतरले जिथे डोळ्यासमोर धरलेला हात दिसत नव्हता आणि आतली दारं उष्णतेने वाकून बसली होती. पाणबुडी वर यायला पुढच्या वर्षीचा जून उजाडला. भारत आणि अमेरिकेच्या नेव्हीचे सॅल्व्हेज आणि ईओडीवाले २००५ पासून साल्वेक्स नावाचा सराव एकत्र करतात, २०२३ मध्ये कोचीला सातवा झाला, आपलं आयएनएस निरीक्षक आणि त्यांचं साल्व्हर ही जहाजं त्यात होती. तुम्हाला या विषयाचं भारतातलं टोक धरायचं असेल तर साल्वेक्सच्या बातम्यांपासून सुरुवात करा.

पायरी ४: बांधणारे, म्हणजे सीबी

इथे जरा वेळ काढून थांबा, कारण ही सगळ्यात समृद्ध गोष्ट आहे.

डिसेंबर १९४१, प्रशांत महासागरात वेक नावाचं छोटंसं बेट. तिथे अमेरिकन नेव्हीचा तळ बांधायला सुमारे ११०० साधे कामगार होते, कंत्राटदाराची माणसं, सुतार, गवंडी, मशीनवाले. जपानने हल्ला केला. युनिफॉर्म नसलेल्या माणसाने बंदूक उचलली तर शत्रू त्याला सैनिक धरत नाही, युद्धकैद्याचे हक्क त्याला मिळत नाहीत, पकडला तर गोळी घालू शकतो. बेट पडलं, कामगार कैद झाले, आणि मागे ठेवलेल्यांपैकी ९८ जणांना ऑक्टोबर १९४३ मध्ये ठार मारलं गेलं.

वेक पडल्यावर पाच दिवसांत अॅडमिरल बेन मोरील यांनी नेव्हीकडे मागणी केली की बांधकाम करणारी पण लढता येईल अशी, युनिफॉर्ममधली माणसं हवीत. ५ जानेवारी १९४२ ला परवानगी मिळाली. कन्स्ट्रक्शन बटालियनची आद्याक्षरं सी आणि बी, इंग्रजीत म्हणताना सी बी, म्हणजे समुद्राची मधमाशी, तेच नाव पडलं आणि ५ मार्चला अधिकृत झालं. सुरुवातीला भरती झालेल्यांचं सरासरी वय ३७ होतं! विशीतली पोरं नव्हती ती, धरणं बांधलेले, बोगदे खणलेले, हात तयार असलेले कारागीर होते. चिन्हावरची माशी अजून तीच आहे, डोक्यावर खलाशाची टोपी, हातांत बंदूक, पाना आणि हातोडी.

यांचं काम जवळून बघायचं असेल तर प्रशांत महासागरातल्या ग्वाडलकॅनल बेटावरची १९४२ ची लढाई बघा. हेंडरसन फील्ड नावाची एक धावपट्टी आणि तिच्यावर रोज जपानी बॉम्ब आणि तोफगोळे. विमानं वर गेलीत, परत उतरायला जागा हवी, आणि पट्टीत खड्डे. सीबींनी हिशोब मांडला की ५०० पौंडाच्या एका बॉम्बने जो खड्डा पडतो त्याला किती माती लागते, किती भोकं पाडलेले पोलादी पत्रे लागतात, आणि तेवढा माल भरलेले ट्रक पट्टीच्या कडेला आधीच उभे करून ठेवले. बॉम्ब पडला की लपलेली माणसं बाहेर, वाकलेले पत्रे ओढून काढायचे, ट्रक रिकामा करायचा, माती ठोकायची, नवे पत्रे घालायचे. १०० माणसांना एक खड्डा बुजवायला ४० मिनिटं. मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो, कारण तिथली लढाई पायलटनी जितकी जिंकली तितकीच या ४० मिनिटांनी जिंकली.

युद्ध संपेपर्यंत सव्वातीन लाखांवर माणसं सीबीत काम करून गेली. टिनियन बेटावरची ज्या पट्टीवरून हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं विमान उडालं ती पण त्यांनीच बांधलेली, हेही लक्षात ठेवायला हवं, कारण बांधणाऱ्याच्या हातात शेवटी त्यावरून काय उडणार हे नसतं.

आज दोन घरं आहेत, मिसिसिपीत गल्फपोर्ट आणि कॅलिफोर्नियात पोर्ट ह्यूनिमी. बटालियन क्रमांक १, ११ आणि १३३ गल्फपोर्टच्या, ३, ४ आणि ५ ह्यूनिमीच्या. माणसं सात धंद्यांत वाटलेली: बिल्डर, स्टीलवर्कर, इलेक्ट्रिशियन, मेकॅनिक, यंत्रं चालवणारे इक्विपमेंट ऑपरेटर, पाण्याच्या लाइन आणि प्लंबिंग बघणारे युटिलिटीजमन, आणि मोजणी-नकाशे करणारे इंजिनिअरिंग एड. युद्ध नसताना हीच माणसं विहिरी खणतात, शाळा बांधतात, वादळानंतर रस्ते मोकळे करतात.

यातल्याच काही जणांना डायव्हिंग शिकवून अंडरवॉटर कन्स्ट्रक्शन टीम होतात, त्या पण दोनच. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला, पोर्ट-ओ-प्रिन्सचा उत्तरेकडचा धक्का समुद्रात गेला, क्रेन अर्ध्या पाण्यात, आणि दक्षिणेचा धक्का उभा होता पण त्याखालचे खांब फुटलेले. बाहेर मदतीची जहाजं आहेत, शहरात माणसं तहानलेली आहेत आणि मध्ये हे फुटलेले खांब. नेव्हीच्या आणि आर्मीच्या डायव्हरनी खाली जाऊन एकेक खांब तपासला, भोवती सळ्यांचा पिंजरा बांधून काँक्रीट भरलं, आणि तोपर्यंत माल लँडिंग क्राफ्टने थेट किनाऱ्यावर उतरवत राहिले. सगळ्या प्रकारच्या युनिट एकाच ठिकाणी कशा जुळतात हे बघायला हैतीसारखं दुसरं उदाहरण नाही, नवीन माणसाने पहिल्यांदा तेच उघडून वाचावं.

पायरी ५: माल उतरवणारे

यांना कार्गो हँडलिंग बटालियन म्हणतात, वरची संस्था नेव्हल एक्सपिडिशनरी लॉजिस्टिक्स सपोर्ट ग्रुप, व्हर्जिनियात विल्यम्सबर्गला. कायम ड्युटीवरची बटालियन एकच, क्रमांक १, बाकीच्या राखीव. क्रेन चालवणं, हॅच म्हणजे मालाच्या कोठाराचं झाकण उघडणं, दारूगोळा आणि इंधन हाताळणं, विमानातला माल उतरवणं, सगळं यांचं. लोक हा भाग वाचायचा सोडून देतात. कृपा करून सोडू नका. गोदीतल्या माणसाचा मुलगा म्हणून सांगतो.

१४ एप्रिल १९४४, मुंबईचा व्हिक्टोरिया डॉक. फोर्ट स्टिकिन जहाजात सुमारे १४०० टन स्फोटकं होती आणि त्याच जहाजात कराचीला भरलेल्या कापसाच्या हजारो गाठी. कापूस आणि दारूगोळा एका जहाजात. आग लागली, दुपारी चारनंतर दोन स्फोट झाले, शेकडो माणसं गेली, अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, आणि त्यांच्याच आठवणीत आजही दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. वडिलांच्या वेळेपर्यंत गोदीतले जुने लोक तो दिवस सांगायचे.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, १७ जुलै १९४४ ला, कॅलिफोर्नियात पोर्ट शिकागो इथे नेव्हीचं दारूगोळ्याचं जहाज भरताना स्फोट झाला, ३२० माणसं गेली. भरणारे बहुतेक कृष्णवर्णीय खलाशी होते, त्यांना दारूगोळा हाताळायचं धड शिक्षण दिलेलं नव्हतं आणि वरून कोणती गँग जास्त वेगाने भरते याची अधिकाऱ्यांत चढाओढ. वाचलेल्यांना थोड्याच दिवसांत परत तेच काम सांगितलं, त्यांनी नकार दिला, ५० जणांवर बंडाचा खटला चालून शिक्षा झाल्या. नेव्हीने त्यांना निर्दोष ठरवलं ते १७ जुलै २०२४ ला, बरोब्बर ८० वर्षांनी.

माल कुठे ठेवायचा, कशाशेजारी ठेवायचा नाही, स्लिंगला किती वजन घ्यायचं, ही हमाली नाही, हे शिक्षण आहे आणि ते नसलं की माणसं मरतात. कार्गो बटालियनचं काम वाचताना हे दोन दिवस मनात ठेवा.

पायरी ६: राखण करणारे

१२ ऑक्टोबर २००० ला येमेनच्या एडन बंदरात अमेरिकेची कोल ही विनाशिका इंधन भरत होती, स्फोटकं भरलेली एक छोटी बोट शेजारी आली आणि फुटली, बाजूला सुमारे ४० फुटांचं भगदाड आणि १७ खलाशी ठार. समुद्रात जिच्याजवळ कोणी फिरकू शकत नाही ती युद्धनौका बंदरात उभी असताना किती उघडी असते ते त्या दिवशी दिसलं. बंदरात आणि किनाऱ्याजवळ छोट्या बोटींतून पहारा देणं, महत्त्वाच्या जहाजाला सोबत करणं, हे आज मेरिटाइम एक्सपिडिशनरी सिक्युरिटी फोर्स करते, गट सॅन डिएगो आणि व्हर्जिनियात.

इथे नावांचा एक घोळ आहे. २०१२ ते २०२० या काळात यांचं नाव कोस्टल रिव्हराइन फोर्स होतं, कारण नदीत लढणारे रिव्हराइनवाले त्यांच्यात मिसळले होते, ज्यांची पहिली स्क्वॉड्रन २००७ मध्ये युफ्रेटिसवरच्या हदीथा धरणावर गेली होती. जुने लेख वाचताना हे दुसरं नाव दिसलं तर गोंधळू नका. आणि यांची चूक पण वाचा: १२ जानेवारी २०१६ ला कुवेतहून बहारीनला निघालेल्या दोन बोटी रस्ता चुकून इराणच्या फारसी बेटाजवळच्या पाण्यात गेल्या, एकीचं इंजिन बिघडलं, दहा खलाशी पकडले गेले, दुसऱ्या दिवशी सुटले. चौकशीत तयारी आणि नेतृत्वातल्या चुका निघाल्या. छोट्या बोटीचं काम सोपं समजलं की काय होतं ते त्यात आहे.

आपल्याकडे हेच काम २६/११ नंतर २००९ मध्ये उभं केलेलं सागर प्रहरी बल करतं, तळांच्या आजूबाजूला वेगवान बोटींनी गस्त. सीबीसारखं नेव्हीचं स्वतःचं बांधकाम दल मात्र आपल्याकडे नाही, तळांचं बांधकाम मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस बघते, त्यामुळे "आपले सीबी कुठले" असं शोधत बसू नका.

पायरी ७: घरातलं कोणी जाणार असेल तर

अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलांचे आईवडील हे विचारतात म्हणून लिहितो. ग्रीन कार्डवर नेव्हीत भरती होता येतं, पण ईओडीला अमेरिकन नागरिकत्व लागतं, सिक्युरिटी क्लिअरन्समुळे. पोहणं येतं म्हणजे डायव्हर होता येतं असं नाही, पनामा सिटीच्या डायव्हिंग स्कूलला खूप जण गळतात, मुलाने वर्षभर आधीपासून पाण्यात वेळ घालवलेला बरा. हातात एखादा धंदा असेल, वायरिंग, वेल्डिंग, जेसीबी चालवणं, तर सीबीचा विचार खरंच करा, ते कौशल्य बाहेर पडल्यावरही पोट भरतं, आणि हे काम कमी प्रतीचं आहे असं घरच्यांनी मनातून काढून टाका. आणि भरती करणाऱ्याने तोंडी काय सांगितलं त्यावर सही करू नका, कोणतं रेटिंग, म्हणजे नेव्हीतला कोणता धंदा, मिळणार ते करारात लिहिलेलं आहे का ते कागद हातात घेऊन, शांतपणे, मुलाच्या शेजारी बसून स्वतः वाचा.